बिनआवाजाचा कॅमेरा

लेक येऊन गेली हे काटेवाल्यांना तीन दिवसांनी कळलं, आणि तेही तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंकडून, बोलता बोलता.

वजनकाटे दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली, म्हणून त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. गोदामं, दूधडेऱ्या, रद्दीची दुकानं, जिथं म्हणून काही तोललं जाई तिथं त्यांची फेरी असे. त्या संध्याकाळी ते वजनांची पेटी सांभाळत जिना चढत होते, तेवढ्यात बाईंनी दारातून हाक मारली.

"मंगळवारी मुलगी येऊन गेली ना तुमची? बरं वाटलं हो बघून. शिकवणीतली पोरं म्हणाली, किती वेळ बेल वाजवत होती! मी म्हटलं वर जाऊन सांगावं, कोणी नाही घरात. पण हे गुडघे! मी उठेपर्यंत ती खाली उतरून गेलीसुद्धा. कडेवरची पोर काय गोड आहे!"

काटेवाल्यांनी पेटी पायरीवर टेकवली. "कडेवर कोण?"

बाईंना कमी ऐकू येई. त्यांनी कानामागं हात धरला. काटेवाल्यांना ओरडून विचारावं लागलं, "कडेवर कोण होतं?"

"पोर! दीड-दोन वर्षांची. तुमची नातच असणार, नाक तर तुमचंच आहे," बाई म्हणाल्या.

लेक घर सोडून गेली त्याला पाच वर्षं झाली होती. लग्न झालं का, कुठं असते, काही पत्ता नव्हता. चोविसाव्या वर्षी गेली. भांडून नाही, ओरडून नाही. काटेवाले कामावर गेल्यावर दोन पिशव्या भरल्या आणि गेली. आईसाठी चार ओळींची चिठ्ठी होती. बापासाठी एकच ओळ होती : मला शोधू नका.

काटेवाल्यांनी पोरीवर कधी हात उगारला नव्हता. हे ते आजही छातीवर हात ठेवून सांगत. पण ती शाळेत जायला लागल्यापासून ती किती वाजता निघाली, किती वाजता आली, हे ते कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवत. सात मिनिटं उशीर झाला तर सात मिनिटांचा हिशेब द्यावा लागे. कॉलेजात गेली तेव्हा त्यांच्या कामाच्या फेऱ्या नेमक्या त्याच रस्त्यावरून जायला लागल्या. नोकरी लागली तशी रोज साडेनऊला ऑफिसात फोन : पोचली का? ऑफिसातले लोक हसायला लागले. तिनं हात जोडून सांगितलं, "बाबा, नका ना करू." त्यांनी फोन बंद केला आणि स्वतःच जायला लागले. तीन दिवस ते ऑफिससमोरच्या औषधाच्या दुकानाखाली उभे होते. तिसऱ्या दिवशी ती एका सहकाऱ्याबरोबर बाहेर आली, कशावर तरी मोकळं हसत. काटेवाले रस्ता ओलांडून गेले आणि सगळ्यांदेखत त्या मुलाला विचारलं, तू कोण, बाप काय करतो, राहतोस कुठं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती घर सोडून गेली.

त्यांच्या लेखी ही काळजी होती. काळजीला दुसरं काही नाव असू शकतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पाच वर्षांत ते हळूहळू आलं. ते शांत झाले. बायकोला "कुठं होतीस" विचारणं सुटलं. लेक गेल्यावर घर खायला उठतं म्हणून बायकोनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करायचं काम धरलं, तेव्हा ते एका शब्दानं नको म्हणाले नाहीत. पण ते बदलले हे जिला कळायला हवं, ती तिथं नव्हतीच.

बाईंचं बोलणं त्यांनी वर येऊन बायकोला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती ती तिथंच खाली बसली.

"मला भेटायला आली असणार," ती म्हणाली. "तिला काय माहीत मी कामावर जाते ते. तुम्ही नसाल आणि मी असेन, अशी वेळ धरून आली असेल माझी बाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "दारावर चिठ्ठी लावू. माझा फोन नंबर लिहू. तेव्हा माझ्याकडे फोनच नव्हता, तिनं करायचा म्हटला तरी कुठं करणार?"

"चिठ्ठी कोणीही फाडेल," काटेवाले म्हणाले. "वाऱ्यानं उडेल. मी पक्का बंदोबस्त करतो."

त्यांचा बंदोबस्त म्हणजे दारावर कॅमेरा. तयार संच दुकानात मिळत होते, पण ते खिशाला झेपणारे नव्हते, आणि वर दर महिन्याला कुठल्यातरी कंपनीला भाडं भरा. शिवाय हातात पाना-पक्कड असलेल्या माणसाला तयार वस्तू घेणं कमीपणाचंच वाटतं. रविवारी ते जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणाऱ्या एका बाईंच्या दुकानात गेले. चष्मा कपाळावर चढवलेल्या या कॉम्प्युटरवालीला जगातलं कुठलंही यंत्र फेकून द्यायला जिवावर येई.

"हा घ्या, एका शाळेतून निघालाय," ती एका पिवळट पडलेल्या खोक्यावर थाप मारत म्हणाली. "पळणार नाही. पण तुम्हाला कुठं शर्यतीत उतरवायचाय? एका जागी बसून चित्र साठवायचं, एवढंच काम. त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं, मी घालून देते. हार्ड डिस्क मात्र चांगली घ्या. तिथं काटकसर केलीत तर नेमकं हवं तेच चित्र जायचं."

मग तिनं दोन कॅमेरे पुढ्यात ठेवले. दिसायला जुळे भाऊ. "यात स्पीकर आहे. दाराशी कोणी आलं तर तुम्ही जिथं असाल तिथून फोनवरून त्याच्याशी बोलू शकता. याच्यात नाही."

"बोलायचंय कोणाशी?" काटेवाले म्हणाले. "मला बघायचंय."

"बघून मग काय करणार?"

"बघून..." ते अडखळले. "बघितल्यावर ठरवता येईल." आणि त्यांनी बिनआवाजाचा उचलला. किमतीत फरक काही फार नव्हता. कंजूषपणा म्हणूनही नाही. बोलायची वेळ येईल असं त्यांना खरोखरच वाटलं नाही.

पुढचे तीन रविवार त्यात गेले. चौकटीच्या वर भोकं पाडली, वायर भिंतीच्या कडेनं आत आणून बैठकीतल्या इंटरनेटच्या डबीला जोडली. कॉम्प्युटर कपड्यांच्या कपाटाखाली सरकवला. स्क्रीन पहिल्यांदा लावून नंतर काढून टाकायचा बेत होता, पण काढवला नाही. कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ता दर वेळी बदलत होता, तो कॉम्प्युटरवालीनं फोनवरून सांगितल्याप्रमाणे कायमचा पक्का केला. मग घड्याळ चुकायला लागलं. वीज गेली की तारीख एकदम पंधरा वर्षं मागं! आतला बटणाएवढा सेल मेला होता. तो बदलला. वेळेत चूक त्यांना चालणारच नव्हती.

"चांगलं आहे," बायको म्हणाली, "मागं गेलं होतं तिथंच ठेवायचं होतंत."

दारापुढं काही हललं की काटेवाल्यांच्या फोनवर सूचना यावी, अशी सोय होती. पहिल्या आठवड्यात त्यांना रोज चाळीसेक सूचना आल्या. त्यातल्या पस्तीस मांजराच्या. उरलेल्या पायपुसणं वाऱ्यानं फडफडल्याच्या. त्यांनी चित्रात चौकोन आखून दिला, एवढ्यातच बघ, बाकीकडे दुर्लक्ष कर. मांजर मात्र नेमकं चौकोनात येऊन बसे.

रेकॉर्डिंग तपासताना त्यांना एक म्हातारा रोज दिसायचा. जिना चढून येतो, पायपुसण्याकडे वाकून बघतो, दारावरून बोट फिरवतो, कुलूप तीनदा ओढतो, मग वळून जिन्याखाली असा डोकावतो की कुणी चोर पाठलागावर आहे. कपाळाला आठी. ते तोंड बघून त्यांना स्वतःलाच दचकायला झालं.

"मी असा दिसतो?"

"रोज," बायको म्हणाली. पुढं काही बोलावं की नाही, याचा तिनं विचार केला असावा. मग बोललीच. "अहो, तो कॅमेरा जरा आडोशाला तरी लावा. बेलपाशी उभं राहिलं की सरळ डोळ्यांत येतो. तिला दिसेल."

"दिसू दे की. दिसला म्हणजे कळेल, बाप वाट बघतोय."

सहाव्या आठवड्यात, भर दुपारी, काटेवाले एका सिमेंटच्या गोदामात मोठ्या काट्यावर वजनं चढवत होते. फोन थरथरला. मांजरच असणार, म्हणून त्यांनी आधी चार वजनं ठेवली, आकडा बघितला, मग हात पुसत फोन काढला.

दारात लेक उभी होती.

केस कापलेले. वाळली होती. कडेवर पोर, तिच्या तोंडात कापडी सशाचा कान. लेकीचा हात बेलवर होता. एकदा दाबली, वाट बघितली. पुन्हा दाबली. काटेवाल्यांना हे सगळं गोदामाच्या मधोमध उभं राहून तळहातावर दिसत होतं आणि ते फोनवर ओरडत होते, "अगं थांब! थांब तिथंच! मी येतो! आई येईल!" हमाल पोती टाकून बघायला लागले. फोनमधून काही जात नव्हतं. जाणारच नव्हतं.

तेवढ्यात तिनं वर बघितलं.

सरळ कॅमेऱ्यात. एक क्षण तिला कळलं नसावं, मग कळलं. चेहरा असा मिटला की काटेवाल्यांना तो ओळखीचा वाटला. औषधाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडून, त्यांना बघितल्यावर असाच मिटला होता. तिनं पटकन तळहात पोरीच्या डोक्यामागं नेला आणि तिचं तोंड खांद्यावर दाबून धरलं, ऊन लागू नये म्हणून धरतात तसं. आणि वळली.

काटेवाल्यांनी शिकवणीवाल्या बाईंना फोन लावला. दोनदा नंबर चुकला. बाईंनी उचलला.

"बाई, ती जिन्यात आहे! थांबवा तिला! अजिबात जाऊ देऊ नका! खालचं दार लावून घ्या!"

कमी ऐकू येतं म्हणून बाईंचा फोन कायम मोठ्या आवाजावर असे. तो हातात धरूनच बाई बाहेर आल्या, तेव्हा लेक शेवटच्या पायऱ्या उतरत होती. जिन्यात बापाचा आवाज घुमला, थांबवा तिला, दार लावून घ्या. लेक जागच्या जागी थबकली. पोर रडायला लागली.

"मी म्हटलं, बस गं, पाणी तरी पी," बाईंनी संध्याकाळी दोघांना सांगितलं. त्यांचेही डोळे भरले होते. "तिनं माझा हात धरला. म्हणाली, बाई, मला जाऊ द्या. असं म्हणाली हो, जशी मीच तिला कोंडून ठेवणार होते. मी म्हटलं, अगं आई तुझी दुपारी नसते, हॉस्पिटलात धुलाईखान्यात कामाला जाते. तेवढंच ऐकलं तिनं. फोन माझा सुरूच होता आणि तुमचे हे ओरडतच होते."

काटेवाले पेटी उचलून जिना चढायला लागले.

वर येऊन दोघांनी रेकॉर्डिंग बघितलं. एक मिनिट चाळीस सेकंद. बायको स्क्रीनला नाक लावून बसली. पोरीच्या पायात एकच मोजा होता, हे तिनं पहिल्यांदा बघितलं. "दुसरा कुठं पडला असेल गं," ती स्क्रीनशीच बोलली. तिसऱ्या वेळी तिनं लेकीच्या कापलेल्या केसांवरून काचेवर बोट फिरवलं. काटेवाले मागं उभे होते. त्यांना वाटलं, ती आता काहीतरी बोलेल, शिव्या तरी देईल. ती उठली आणि भांडी घासायला गेली. नळ बराच वेळ वाहत होता. तेवढ्या वेळात काटेवाल्यांनी ते रेकॉर्डिंग फोनमध्ये उतरवून घेतलं. डिस्क वीस दिवसांत भरे आणि जुनं आपोआप पुसलं जाई, म्हणून आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि ती वजनांच्या पेटीत, सर्वात लहान वजनाच्या खाचेत ठेवली. हे बायकोला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात फोन आला. लेकीनं हॉस्पिटलचा नंबर शोधला होता, चार ठिकाणी फिरवत फिरवत तिला आईपर्यंत पोचवलं होतं. बायको घरी आली ती चपलांसकट आत येऊन खुर्चीवर बसली.

"बोलली," ती म्हणाली. "बरी आहे. नवरा चांगला आहे म्हणाली. तोच, ऑफिसातला." तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. "मला भेटायला बोलावलंय. एकटीला. इथं येणार नाही ती पुन्हा."

"कॅमेऱ्यामुळं?"

"म्हणाली, पाच वर्षं हिंमत गोळा करत होते. पहिल्यांदा भीत भीतच आले, तरी बेल वाजवली. परत आले, तर बाबा दारावर. घरात नाहीत, तरी दारावर. आणि मग जिन्यातसुद्धा."

"मी वाट बघत होतो गं," काटेवाले म्हणाले. "देवाशप्पथ, वाट बघत होतो फक्त."

"मला माहीत आहे. तिला कुठून कळणार? तुमचं बघणं तिनं जन्मभर बघितलं. वाट बघणं कधी बघितलंय तिनं?"

मग बायको म्हणाली, "आणखी एक सांगितलंय. ते रेकॉर्डिंग पुसायचं. माझ्या मुलीचा चेहरा त्या यंत्रात राहता कामा नये, म्हणाली. मी शब्द दिलाय."

"एकदा तिला सांगून बघ ना. मी कोणाला दाखवणार नाही. नुसतं..."

"मी शब्द दिलाय," बायको म्हणाली, आणि चपला काढायला उठली.

गुरुवारी ती लेकीला भेटायला गेली. कुठं, ते तिनं सांगितलं नाही. कितीची गाडी, परत केव्हा येणार, हे प्रश्न काटेवाल्यांच्या ओठांवर आले आणि त्यांनी ते गिळले. त्यांनी तिला पाण्याची बाटली भरून दिली. दार लावल्यावर खिडकीशी जायचंही टाळलं, ती कुठल्या बाजूला वळते ते दिसलं असतं.

मग त्यांनी स्क्रीनसमोर खुर्ची ओढली. एकदाच बघायचं ठरवलं होतं. नऊ वेळा बघितलं. लेकीचा चेहरा मिटतो तिथं दर वेळी नजर वळवली, शेवटच्या वेळी मात्र वळवली नाही, पूर्ण बघितलं. पोरीचं तोंड सगळं मिळून बावीस सेकंद दिसत होतं, नंतर आईचा हात. नाक त्यांचं होतं की नाही कोण जाणे. बाईंना तसं वाटलं होतं खरं.

कॉम्प्युटरमधलं त्यांनी पुसलं. यंत्रानं विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं. फोनमधलं पुसलं. मग वजनांची पेटी उघडून पेनड्राइव्ह हातात घेऊन बसले. याची कोणालाच खबर नव्हती. लेकीला नाही, बायकोला नाही. बापाच्या खिशात नातीची बावीस सेकंदं राहिली तर कोणाचं काय बिघडणार होतं? त्यांनी तो परत खाचेत ठेवला. पेटी बंद केली. चहा टाकला, तो प्यायला नाही. पाच वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तरी ते हेच म्हणाले असते, कोणाला कळत नाही तर कोणाचं काय बिघडतंय. औषधाच्या दुकानाखाली ते हेच म्हणत उभे होते. त्यांनी पेटी पुन्हा उघडली, पेनड्राइव्ह जमिनीवर ठेवला आणि एक किलोच्या वजनानं त्याचा चुरा होईपर्यंत ठोकला. कमी ऐकणाऱ्या बाईंनीसुद्धा खालून छताला काठी ठोकून विचारलं, काय चाललंय.

मग स्टूल घेऊन त्यांनी कॅमेरा उतरवला, वायर काढली, भोकांत लांबी भरून ती बुजवली. कॉम्प्युटर त्यांनी पुढच्या रविवारी दुकानात नेऊन दिला. कॉम्प्युटरवालीनं विचारलं, "का हो, बिघडला?"

"नाही. चांगला चालला."

त्या गुरुवारी बायको अंधार पडायच्या आत परत आली. चेहरा रडून सुजलेला होता, पण पाच वर्षांत दिसली नव्हती अशी हलकी दिसत होती. ती भिंतीवरच्या लांबीच्या ओल्या ठिपक्यांकडे बघत थांबली. मग स्वतःच बोलायला लागली. पोर पडते आणि पडली की टाळ्या वाजवते. सशाशिवाय झोपत नाही. आजीकडे आधी आली नाही, मग आली ती उतरायलाच तयार नव्हती.

काटेवाले ऐकत होते. तिचं बोलणं थांबलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं, "नाव काय..."

बायकोनं मान हलवली. "आत्ता नको सांगू म्हणालीये."

"बरं," काटेवाले म्हणाले. "बरं. नको सांगूस."

आता दर महिन्याला एकदा बायको जाते. निघताना ती विचारते, काही सांगू का तिला? पहिल्या खेपेला त्यांनी खूप विचार केला आणि काहीच सुचलं नाही. नंतर एकदा म्हणाले, "सांग, दारावर काही नाही आता." बायकोनं सांगितलं. लेक ऐकून "हं" म्हणाली, एवढंच, आणि पोरीचं नाक पुसायला वळली.

मध्यंतरी बायको परत आली तेव्हा तिच्या बाहीवर निळ्या खडूच्या रेघोट्या होत्या. काटेवाल्यांनी त्या बघितल्या. तिनं बाही दुमडून घेतली नाही, तशीच त्यांच्या समोर बसली आणि दुसऱ्याच विषयावर बोलत राहिली. ते त्या रेघांकडे बघत हो ला हो करत होते. पोरीचा चेहरा ते मनात आणून बघतात, पण आता नीट येत नाही. कापडी सशाचा कान येतो, एका पायातला मोजा येतो, आणि मग मधे हात येतो.